ठसाबाई

३ फेब्रुवारी

वन्सं,

अठरा वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. काही सांगायचं असलं तर फोन होता, नसलं तर मधे तुमचे दादा होते. आज लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज चढेल आणि चढलेला आवाज तुम्ही उद्याच्या अंकात छापाल.

'टाचणी' या नावाने पेपरात तुमची रोजची चौकट येते, ती आमच्या नियोजन कार्यालयात सगळे बघतात. टाचणी म्हणजे माझी नणंद, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून त्या चौकटीत एक बाई आली आहे, ठसाबाई. मानेत बाक, साखळीला अडकवलेला चष्मा, काखेत फायली. सोमवारी तिने अख्ख्या पाणथळावर टीपकागद ठेवला आणि सगळं पाणी त्यात शोषलं गेलं. खाली ओळ : "शाई वाळायला नको का?"

विनोद चांगला आहे. पण वन्सं, त्या बाईच्या डाव्या गालावर तीळ आहे. नेमका माझा.

आमच्या आवक-जावकच्या कारकुनाने ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. साहेब हसून म्हणाले, "बाई, तुम्ही तर फेमस झालात." मीही हसले. दुसरं काय करणार?

उत्तरेच्या पाणथळावर मालगोदामं बांधायची फाईल माझ्या टेबलावर आहे, हे खरं. तिच्यात काय आहे ते मी बाहेर बोलू शकत नाही, आणि पेपरात काम करणाऱ्या नणंदेशी तर नाहीच नाही. तुम्ही सरकारवर वाटेल ते काढा. निदान तो तीळ तेवढा काढून टाका.

वहिनी

६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र म्हणजे सरकारी पत्र. विषय आहे, संदर्भ आहे, मागणी आहे, आणि उत्तर काहीच नाही.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी एक बाई काढली. मानेत बाक असलेल्या आणि साखळीचा चष्मा लावणाऱ्या शंभर बायका या शहरात असतील. त्यांतल्या नव्व्याण्णव जणी चित्र बघून हसल्या आणि कामाला लागल्या. पत्र एकीचंच आलं.

आता माझा प्रश्न. नियोजन कायद्याची दुरुस्ती एक मार्चपासून लागू होते आहे. आजवर लोकांना हरकत घ्यायला साठ दिवस मिळत होते, आता पंधरा मिळणार. त्या पंधरा दिवसांत कुणी बोललं नाही तर सगळ्यांची संमती धरणार. आणि तुमच्या टेबलावरची फाईल पाच महिने जागची हललेली नाही. पाच महिने काय उबवत होतात? मी सांगते. एक मार्चची वाट बघत होतात. साठ दिवस मिळाले असते तर उतारावरच्या वसाहतीतले लोक बोंबलले असते. पंधरा दिवसांत त्यांना नोटीस सापडायचीसुद्धा नाही.

तीळ काढणार नाही. तीळ काढला तर चित्र पडेल.

दादाला नमस्कार. तो अजूनही पेपर खेळाच्या पानापासून उलटा वाचतो ना? सुखी माणूस.

तुमची नणंद

१९ फेब्रुवारी

वन्सं,

काल माझ्या टेबलावरच्या फाईलीला जीभ फुटली असती तर बरं झालं असतं, म्हणजे मला लिहावं लागलं नसतं.

तुमचं मंगळवारचं चित्र बघितलं. ठसाबाई पाण्यात वाकून माशाला विचारते, "काही हरकत?" मासा गप्प. पुन्हा विचारते, मासा गप्प. तिसऱ्यांदा विचारून वहीत लिहिते, "हरकत नाही." शहरभर हसू झालं. दाढी करणाऱ्याच्या दुकानात आरशाला चिकटवलंय, असं तुमच्या दादांनी येऊन सांगितलं. तिथे बसून त्यांनी दाढीही करून घेतली, तेही सांगितलं.

आमच्या चिमणीने कपाटाच्या दाराला आतून तुमची चित्रं चिकटवली होती, सातवीपासूनची. आत्या म्हणजे तिला देव. काल शाळेतून आली ती दप्तर पोटाशी धरून. वर्गातल्या मुलींनी तिच्या दप्तरावर शिक्का मारला होता, "हरकत नाही." रात्री जेवताना तिने मला विचारलं, "आई, तू खरंच तशी आहेस का?" पंधरा वर्षांची मुलगी आहे. मी तिलाही फाईलीतलं सांगू शकत नाही. मी म्हणाले, "ताट उचल." आज सकाळी कपाट उघडलं तर दार रिकामं होतं. एकेक चित्र ओरबाडून काढलं होतं, लाकडाचा पापुद्रा निघेपर्यंत.

एक विचारते. हा कायदा मी केला नाही. तो विकासमंत्र्यांनी आणला, सभागृहात हात वर करून पास झाला. मंत्र्यांचं नाक गेल्या महिन्याभरात तुमच्या चौकटीत मला दिसलं नाही. मंत्र्याचं नाक काढायला धाडस लागतं, टेबलावरच्या बाईचा तीळ काढायला लागत नाही.

माझ्या घराची पायरी यापुढे चढू नका. तुमच्या दादांना भेटायचं असेल तर बाहेर भेटा.

२१ फेब्रुवारी

वहिनी,

मुलीला मधे घालू नका. तिच्या दप्तरावर मी शिक्का मारलेला नाही. तो ज्या कायद्याने मारला त्याची नोकरी तुम्ही करता.

धाडसाचं मला शिकवू नका. दोनदा पेपरच्या दारात माझ्या स्कूटरची हवा सोडली गेली आहे. कुठलं चित्र छापायचं ते संपादक ठरवतात, मी नाही.

एवढंच वाईट वाटत असेल तर सोपं आहे. एका शब्दात उत्तर द्या. पाणथळाला तुम्ही परवानगी देणार आहात, की विरोध करणार आहात? "विरोध" एवढा एक शब्द कागदावर लिहून पाठवा. उद्यापासून ठसाबाई बंद. चिमणीच्या वर्गात येऊन तिच्या मैत्रिणींसमोर मी कान धरीन.

एक शब्द, वहिनी. वाट बघते.

१४ मार्च

वहिनी,

तीन आठवडे झाले. तो एक शब्द आला नाही. मी काय ते समजले.

तुमची बदली झाल्याचं दादाकडून कळलं. परवानगीच्या टेबलावरून उचलून तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. टाचणीने एवढा मोठा फुगा फुटेल असं मलाही वाटलं नव्हतं. पेपरात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. संपादकांनी स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली, आणि ती पिण्यासारखी होती.

ठसाबाईचं शेवटचं चित्र आज छापून आलंय. ती जिना उतरते आहे आणि शिक्का तिच्या मागे घरंगळतो आहे. आता तुमच्याशी माझं भांडण संपलं. घरातलं माणूस म्हणून सांगते, झालं ते तुमच्या बऱ्यासाठीच झालं. निदान त्या कागदावर तुमची सही तरी राहणार नाही.

तुमची नणंद

२ एप्रिल

वन्सं,

चौदा मार्चच्या ज्या अंकात पहिल्या पानावर मी जिना उतरत होते, त्याच अंकात नवव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, पाणथळाच्या परवानगीची नोटीस होती. हरकतींसाठी पंधरा दिवस. माझ्या जागी आलेल्या साहेबांनी टेबलावर बसल्याच्या चौथ्या दिवशी ती काढली. पंधराव्या दिवशी संध्याकाळी मुदत संपली. एकही हरकत आली नाही. सोळाव्या दिवशी सकाळी त्यांनी सही केली. तुमच्याच पेपरातली नोटीस तुम्हीही वाचली नाहीत.

आता निर्णय झाला आहे, त्यामुळे मी बोलू शकते.

फाईल माझ्याकडे सप्टेंबरात आली. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं, "जागा कोरडी, तुरळक गवत." मोजमाप ऐन उन्हाळ्यात केलेलं. मी गमबूट घालून तीनदा तिथे गेले. तिसऱ्यांदा पाणी बुटांच्या वरून आत आलं. वरच्या सगळ्या उताराचं पाणी तिथे येऊन थांबतं आणि मुखाने हळूहळू नदीला जातं. ते बुजवलं तर ते पाणी वसाहतीत शिरणार, छातीएवढं. मी कंपनीला दोनदा विचारलं, पावसाळ्यातलं मोजमाप कुठे आहे? दोन्ही पत्रांना उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत फाईल पुढे न सरकवणं एवढंच माझ्या हातात होतं. तेच पाच महिने करत होते. उबवत होते म्हणा.

एक शब्द तुम्ही मागितलात. मी एक्केचाळीस पानं लिहिली होती. पण निर्णयाआधी फाईलीतला शेरा पेपरवाल्या नणंदेला लिहून दिला असता, तर त्याच दिवशी माझ्या शेऱ्याची किंमत शून्य झाली असती. वरचे साहेब त्याचीच वाट बघत होते. ते मिळालं नाही, तर त्यांना दुसरं सापडलं. बदलीचा आदेश एक पानाचा आहे. "सदर अधिकारी वृत्तपत्रीय टीकेचा विषय झाल्याने त्यांच्या निष्पक्षतेबाबत शंका निर्माण झाली आहे." त्याला दहा जोडपत्रं आहेत. दहाही तुमच्या सहीची चित्रं.

त्यांना मला तिथून हलवायचं होतं आणि कारण मिळत नव्हतं. तुम्ही ते रोज सकाळी, शाईने, छापून दिलंत.

शेवटचं. निर्णयानंतर तीस दिवस कुणीही नागरिक अर्ज करून फाईल बघू शकतो आणि पानांच्या नकला मागू शकतो. ही सोय जुन्या कायद्यात होती, दुरुस्ती करणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटली. मी तुम्हाला फाईल देणार नाही, नंबरही सांगणार नाही. कायदा दुकानात छापील मिळतो. चित्र काढायच्या आधी वाचायची सवय नसेल, तर आता लावून घ्या.

१३ एप्रिल

वहिनी,

सोमवारी मी रेकॉर्ड रूमच्या काउंटरला आले तेव्हा तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत. बरोबर केलंत. तुम्ही म्हणालात, "ओळखपत्र?" मी दिलं. तुम्ही नाव वाचलंत, जणू पहिल्यांदाच. "फाईल क्रमांक लिहिलेला नाही. वरून घेऊन या." वर दोन तास उभं राहून आणला. "पान क्रमांक लिहिलेले नाहीत. अर्ज पुन्हा भरा." माझ्या मागचा म्हातारा पुटपुटला, "बाई कडक आहे." मला वाटलं, मुद्दाम छळताय. बाहेर आल्यावर लक्षात आलं, अर्जात एक जरी चूक राहिली असती तर वरच्या साहेबांनी तो फेटाळला असता.

खिडकीजवळच्या बाकावर बसून एक्केचाळीस पानं वाचली. सतराव्या पानावर तुम्ही लिहिलं आहे : "या जागेवर पाणी आहे की नाही हा मताचा प्रश्न नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी ऑगस्टमध्ये येऊन उभं राहावं." बाई गं! मी वीस वर्षं चित्रांखाली ओळी लिहिते, मला असं वाक्य आलं नाही.

संपादकांकडे गेले. म्हणाले, "टाचणी, स्वतःची चूक कबूल करणारं व्यंगचित्र कोण बघतं?" मी म्हणाले, चित्र नाहीच द्यायचं. दोन दिवस भांडले, राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. आज माझ्या चौकटीत चित्र नाही. सतराव्या पानाचा उतारा आहे, आणि खाली माझी ओळ : "हे लिहिणाऱ्या अधिकारी बाईंना मी अकरा वेळा खोटं रेखाटलं." उतारावरच्या वसाहतीतल्या लोकांनी माझ्याकडून नकला नेल्या. ते न्यायाधिकरणात जाणार आहेत.

आता ते लिहिते जे छापलं नाही. सहा वर्षांपूर्वी दादाच्या पन्नाशीला, सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "व्यंगचित्र म्हणजे काय, न वाचता मारलेला शेरा." सगळे हसले, मीही हसले. घरी जाऊन मी तुमचा चेहरा काढला, तिळासकट. सहा वर्षं तो वहीत होता. कायदा नंतर आला, वहिनी. चेहरा आधीच तयार होता.

आणि मंत्र्याचं म्हणाल तर, मंत्र्याची मी दोन चित्रं दिली होती. दोन्ही संपादकांनी परत केली. तुमचं एकही परत आलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माफ करा.

२० एप्रिल

वन्सं,

आधी अकरा वेळा छापलंत, आता बाराव्यांदा. मी तुम्हाला अर्ज करायला सांगितलं होतं, माझा सत्कार करायला नाही. त्या एका ओळीमुळे आता साहेब सगळ्यांना सांगत फिरतात, नणंद-भावजयीने मिळून हे घडवून आणलं. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे.

चिमणीने ती ओळ वाचली. माझ्या शेजारी येऊन बसली, बराच वेळ. त्याचं श्रेय घेऊ नका.

पण तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मलाही एक खरं लिहायचं आहे. तुमच्यासाठी नाही, मला ते बाहेर काढायचं आहे म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी टेकडी कापून घरं बांधायची फाईल माझ्याकडे आली होती. मी नवीन होते, चिमणी लहान होती, वरून फोन आला की आजच हवी. मी जागेवर गेले नाही. अहवाल वाचला नाही, शेवटचं पान उघडलं आणि सही केली. पुढच्या वर्षी मोठ्या पावसात कापलेली माती खाली आली. पायथ्याशी इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. ते गेलं, आणि आत इस्त्रीवाला होता. आपल्या घराचे कपडे तोच करायचा. चौकशीत सगळं नियमानुसार निघालं. मला कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

तुमच्या अकरा चित्रांतलं एकही पाणथळाच्या फाईलीला लागू नव्हतं. टेकडीच्या फाईलीला अकराही लागू होती. ठसाबाईला बघून माझं डोकं फिरलं ते ती खोटी होती म्हणून नाही. मी तिला आधीपासून ओळखत होते.

हे छापायचं असेल तर छापा. माफीबद्दल विचाराल तर, नाही. ती माझ्याकडे नाही.

६ सप्टेंबर

वहिनी,

टेकडीचं छापलं नाही. छापणार नाही. ते सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, हे तुम्ही ठरवा.

निर्णय तुम्हाला कळला असेलच, तरी लिहिते. तुमचा विरोधी शेरा फाईलीत असताना त्याचा एका शब्दाने विचार झाला नाही, म्हणून न्यायाधिकरणाने परवानगी रद्द करून पुन्हा जनसुनावणी लावली होती. तिचा निकाल काल आला. मुखाकडचा सगळा भाग आणि खालचा पट्टा सोडायचा. रस्त्याकडचा तुकडा कंपनीला मिळाला, तिथे गोदामं होणार. सगळं वाचलं नाही. वसाहत वाचली. कायदा आहे तसाच आहे, पंधरा दिवसांचा.

सुनावणीला तुम्ही पुढे उभ्या होतात. नोकरीत राहून बोलता येत नाही, म्हणून आदल्या आठवड्यात राजीनामा देऊन आला होतात, हे मला दादाने तिथे सांगितलं. मागे काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. तुमची झाली आणि त्यांनी माइक बंद केला. तुम्ही थांबला नाहीत, तशाच बोलत राहिलात, त्याच सुरात. मी शेवटच्या रांगेत होते, मला ऐकू येईना. तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईने वळून मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. "सप्टेंबरात बुटांवरून पाणी." "छातीएवढं येईल." "दोनदा विचारलं, उत्तर नाही." असं एकेक वाक्य रांगांमधून मागे येत होतं. दारात उभ्या असलेल्या पोलिसाने ते बाहेरच्यांना सांगितलं. दादाही सांगत होता, वहिनी. आपला दादा! आणि चिमणी सगळ्यांना ओरडत होती, "नीट सांगा, गाळू नका."

पेपरने मला पुन्हा पहिलं पान दिलं आहे. मला तुम्हाला एकदा काढायचं आहे. त्या दिवशी जशा होतात तशा, बंद माइकसमोर. यात खोडी नाही. आधी तुम्हाला दाखवीन, तुम्ही हो म्हणालात तरच छापीन.

यावेळी विचारते आहे.

तुमची नणंद

१० सप्टेंबर

वन्सं,

नाही.

तुम्ही चांगलं काढाल यात मला शंका नाही. पेपर घेऊन लोक म्हणतील, बघा, केवढी शूर बाई. पुन्हा एकदा मला ओळखतील आणि फाईल कुणी वाचणार नाही. रस्त्याकडच्या तुकड्याची नोटीस येत्या गुरुवारी निघते आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? त्यात भराव किती उंच घालायचा ते लिहिलेलं असेल. पंधरा दिवस आहेत. नववं पान वाचत जा.

तुमच्याकडे पहिलं पान आहे तर त्यावर ती नोटीस छापा, मोठ्या अक्षरात, लोकांना वाचता येईल अशी. चित्र काढायचंच असेल तर मंत्र्यांचं नाक आहे.

मी बोलले ते शब्द तुम्ही घेतलेत, ते ठेवा. चेहरा माझा आहे. तो आता माझ्याकडे राहू द्या.